अडत

चाळीस वर्षं उदगीरच्या मोंढ्यात मी मुनीम होतो,
मन्मथअप्पांच्या अडतीवर, बारा नंबरच्या गाळ्यात.
मध्ये बसणं म्हणजे काय
हे मला कुणी शिकवू नये.

तरी चन्नवीरनं मोबाईल पुढं केला तेव्हा
मी फक्त खालचा आकडा पाहिला.
विमान कंपनीकडं महाग. इथं सहाशे बारा रुपये स्वस्त.
वर लाल अक्षरांत : दोनच जागा शिल्लक.
आणि एक घड्याळ, उलटं पळणारं.
"मामा, लवकर सांगा."
हसू आलं मला. शेवटचं पोतं म्हणून
मीही कितीदा तूर विकली,
मागं थप्पी लागलेली असताना.
म्हणालो, दाब.

महानंदाला मस्कतला जायचं होतं,
भागूच्या बाळंतपणाला.
डिंकाचे लाडू, अळीव, कारळाची चटणी,
तीनदा तोलून साडेबावीस किलो.
मुनीमाच्या घरात काटा चुकत नाही.
बीदर, जहीराबाद, रात्रीचा रस्ता.
ड्रायव्हरचा डोळा लागू नये म्हणून
ती बोलत राहिली थेट शमशाबादपर्यंत,
त्याच्या सासुरवाडीचं सगळं काढून घेतलं.

विमान पहाटे चार चाळीसचं.
ते दोन दहाचं झालं होतं, आठ दिवसांपूर्वीच.
"आम्ही कळवलं होतं," काउंटरवरचा पोरगा म्हणाला.
कुणाला?
त्यानं पडदा माझ्याकडं वळवला.
महानंदाच्या नावापुढं ना माझा नंबर, ना चन्नवीरचा.
ज्यांनी तिकीट विकलं
त्यांचाच पत्ता, त्यांचाच फोन.
"त्यांना विचारा."

त्यांना लावला.
एक दाबा. तीन दाबा. बासरी.
एकवीस मिनिटांनी एक बाई, आवाज गुळाच्या पाकासारखा :
"सर, वेळ कंपनीनं बदलली. कंपनीला विचारा."

एका साली हाळीच्या एका बाईची तूर
पोत्याच्या तळाला भिजकी निघाली.
खरेदीदार हात झटकून मोकळा.
अप्पा गादीवरून उठले, अनवाणीच,
पोत्यात कोपरापर्यंत हात घातला,
दोघांच्या मध्ये उभे राहिले
आणि शिव्या खाल्ल्या, दोघांच्याही.
मग रुमालाखाली बोटं धरून भाव तोडला.
रुमालाखाली काय ठरलं ते जगाला दिसत नव्हतं,
पण बोटं ऊन असायची.
अडत म्हणजे ते.
शेकडा तीन रुपये, शिव्या खायचे.

अप्पा देवमाणूस नव्हते. काटा मारायचे.
मारलेलं वहीत मीच लिहायचो, दुसऱ्या शाईनं.
पण त्यांचं घर कुठल्या गल्लीत
हे हाळीच्या बाईला माहीत होतं.
भर जेवणात येऊन
ती त्यांच्या उंबऱ्यावर बसू शकत होती.

मी कुणाच्या उंबऱ्यावर बसू?
माझ्या हातात फक्त काच होती,
बोटांनी चिकट झालेली.

शेवटी कंपनीच्याच खिडकीवर दुसरं तिकीट,
अकराच्या विमानाचं.
पैसे मोजले. सहाशे बाराची आठवण
मी काढली नाही, तिनंही नाही.
"मोबाईल नंबर?" आतल्या मुलीनं विचारलं.
मी माझा सांगायला तोंड उघडलं
तर महानंदानं मला दंडाला धरून बाजूला केलं.
"मधी तुमी नका बोलू."
आणि स्वतःचा नंबर सांगितला,
दहाच्या दहा आकडे, सुटे सुटे,
पाटावर गहू निवडल्यासारखे.
तिला तो पाठ आहे
हे मला त्या दिवशी कळलं.

विमान सुटायला अर्धा तास उशीर झाला म्हणे.
निरोप तिच्याच मोबाईलवर आला.
मी बाहेर, काचेला टेकून उभा.
एक हमाल ढकलगाडी घेऊन आला नि म्हणाला,
काका, मधून सरका.